रोज एक, मग दोन

तळमजला

आम्ही दोघं लिफ्टच्या केबिनच्या टपावर. बटणांची पेटी माझ्या हातात, तेलाचा डबा मेहुण्याच्या. नियम जुना: ज्याला दिसतं त्याने सांगायचं, पेटी धरणाऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा, मग दाबायचं.

"वर."

"वर."

दुसरा

तहान. सकाळपासून चौथी बाटली.

"दाजी, उंट झालात की काय? ताईला सांगतो, टाकीच बांधून दे म्हणून पाठीला."

"काम कर."

गुरुवारी माझी फिटनेस तपासणी. तीन महिन्यांपूर्वी मांड्या भरून यायला लागल्या, शिडीवर पाय उचलेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. पंचवीस वर्षं या अंधाऱ्या विहिरीत काढल्यावर दुसरं काय होणार. "आठवड्याला एक कॅप्सूल," ते म्हणाले. "आठ आठवडे."

तिसरा

आठवड्याला एक?

जिथे तीन दोर पुरतात तिथे आम्ही सहा लावतो. आठ माणसांची लिफ्ट दहांच्या वजनाने तपासतो. जास्तीचं कधी कोणाच्या जिवावर आलंय?

मी रोज एक घेतली. थोडं बरं वाटलं, मग थकवा परत आला. मग रोज दोन. बायकोलाही पत्ता नाही. नापास झालो तर टपावर चढणं बंद. स्टोअरच्या खिडकीत बसून लोकांना पाने-पक्कड द्यायचे.

चौथा

मळमळ.

पाचवा

डोक्यात कापूस. पाचवाच ना?

सहावा

चौदा मजल्यांची इमारत. मेहुणा कडेवरून वाकून रुळाला तेल लावतोय. केबिनचा तोल धरणारं लोखंड, आमचं काउंटरवेट, बरोबर त्याच्या डोक्यावर. केबिन वर गेली की ते खाली येतं.

"खाली. हळू."

"खाली," मी म्हणालो. स्वच्छ म्हणालो.

बोटाने वर दाबलं.

केबिन

वर

"दाजी"

वर

"दाजी, हात काढा"

हात. माझा हात. कुठला

थांबली.

लोखंड त्याचं हेल्मेट खरवडून गेलं होतं. त्याने लिफ्ट पुरती बंद करणारा लाल स्विच दाबला आणि टपावर बसकण मारली.

"होतं असं," तो म्हणाला. "कोणाला सांगत नाही मी. चला, उरलेलं संपवू."

गुरुवारला तीन दिवस. गप्प बसलो असतो तर निभावलंही असतं. तो परत डबा उचलायला लागला. परत त्याच कडेला वाकणार होता.

"थांब," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग फोन काढला, डॉक्टरांना लावला, स्पीकरवर टाकला.

"रोज? किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा आठवडे एक. मग... पाच आठवडे दोन."



"तहान लागते? पोट साफ होत नाही? गोंधळायला होतं?"

"हो."

"एकही घेऊ नका आता. रक्तात कॅल्शियम चढलं असणार, किडनीवर येतं ते. ताबडतोब दवाखान्यात या. एकटे येऊ नका."

"गुरुवारी माझी तपासणी—"

"गुरुवार विसरा."

मेहुण्याने पेटी माझ्या हातातून काढून घेतली. सहाव्याचं दार उघडलं, आधी मला बाहेर ढकललं. माझ्या सुरक्षा पट्ट्याचा हूक मला सुटेना. तोच वाकून सोडवायला लागला.

"ताईला तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "मी नाही."