उभे काटे

होणाऱ्या जावयाच्या गाडीत मीटरवाले उलटे झोपले होते. पाय सीटच्या पाठीवर, पाठ बैठकीवर आणि डोकं ब्रेकच्या पेडलपाशी. डॅशबोर्डच्या मागे दोन्ही हात घालायचे तर दुसरा मार्ग नसतो. गाड्यांना मीटरं बसवायच्या या धंद्यात माणूस जन्मभर लोकांच्या पायांच्या जागी तोंड ठेवून जगतो, आणि गाडीत बसताना चपला पुसायची पद्धत अजून कुठे सुरू झालेली नाही.

सीटखाली एक मोजा होता. एकच. वाळून इतका कडक झालेला की टाचेवर ठेवला तर राहिला असता. मोज्यात केळ्याची साल होती. साल मोज्यात कशी गेली याचा विचार करायचा नाही असं मीटरवाल्यांनी ठरवलं आणि पुढचा बराच वेळ तोच विचार केला. कार्पेटवर कसलं तरी गोड पेय सांडून त्याची चिक्की झाली होती, तिला मीटरवाल्यांचे मागचे केस चिकटले. वर डॅशबोर्डच्या आत एक सुटी वायर च्युइंगगमने चिकटवलेली होती. गमवर दातांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

"पपा, काही लागलं तर सांगा हं," बाहेरून होणारा जावई म्हणाला.

लग्न ठरून फार दिवस झाले नव्हते, तरी पपा सुरू झालं होतं. मीटरवाल्यांची स्वतःची मुलगी त्यांना बाबा म्हणायची. पपा ऐकलं की त्यांना वाटायचं, मागे कोणी दुसरा उभा आहे.

जावयाला मित्र टर्बो म्हणत. गाडी लाल, दोन दारांची, बुटकी, आवाजाला मोठी आणि तिसऱ्या हाताची. त्याला तीन मीटरं हवी होती: इंजिनाच्या तापमानाचं, ऑइलच्या दाबाचं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या दाबाचं. गाडीला टर्बो नव्हता. मीटरवाल्यांनी हे पहिल्याच दिवशी हळू आवाजात सांगितलं, कारण असल्या गोष्टी चारचौघांत सांगू नयेत. जावई म्हणाला, "माहितीये पपा, पण मीटर तर लावता येईल ना?" मीटर लावता येत होतं. बायको नसलेल्या माणसाला बायकोचा फोटो भिंतीवर लावता येतो, तसं.

मीटरवाल्यांची एक रीत होती. मीटर डॅशबोर्डात बसवायचं ते आकडे सरळ दिसतील असं नाही, तर गाडीची तब्येत ठीक असताना काटा सरळ वर उभा राहील असं, गोल फिरवून. आकडे तिरके झाले तर होऊ देत. भर वेगात आकडे वाचायला कोणाला फुरसत असते? नुसती नजर टाकायची. सगळे काटे उभे तर सगळं ठीक. एखादा आडवा पडला तर गाडी बाजूला घ्यायची. शर्यतीत गाडी पळवणारी मंडळी यासाठी लांबून त्यांच्याकडे यायची. त्यांची मुलगी याच गॅरेजात लहानाची मोठी झाली. कोणाच्याही गाडीत बसली की आरशात केस बघायच्या आधी काटे बघायची. आता ती इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीची व्हॅन चालवत होती, आणि त्या व्हॅनमध्येही तिने वडिलांकडून मीटर बसवून घेतलं होतं.

इंजिन चांगलं तापलं तेव्हा मीटरवाल्यांनी ऑइलचं मीटर जोडून पाहिलं. काटा शून्याच्या अंगाला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. त्यांनी वायर तपासली, इंजिनावरचा सेन्सर बदलून पाहिला, दुसरं मीटर लावून पाहिलं. काट्याचं मत बदललं नाही. इंजिन आतून संपलं होतं. मग त्यांचं लक्ष कंपनीच्या लाल दिव्याकडे गेलं. ऑइलचा दाब पडला की पेटतो तो. त्याच्यावर हसऱ्या चेहऱ्याचा स्टिकर लावलेला होता. गाडी सुरू केली की चेहरा आतून लालेलाल व्हायचा, पण हसणं काही थांबायचं नाही.

"हे काय आहे?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"तो दिवा सारखा पेटायचा पपा. डोळ्यांना त्रास व्हायचा."

मोजा चालला असता. मोजा धुता येतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हे इंजिन खोलायला हवं, तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, डोंगरात तर नाहीच. पण जावई त्याच दिवशी मुलीला घेऊन डोंगरावर जाणार होता. तिने सुट्टी घेतली होती. त्याने मीटरवाल्यांना हाताला धरून बाजूला नेलं आणि समजावणीच्या सुरात बोलू लागला. इंजिन लग्नानंतर खोलूच. पण तुमची मुलगी तुम्हाला माहीतच आहे, बसल्याबरोबर काटे बघते. काटा पडलेला दिसला तर उगाच काळजी करेल, दिवस वाया जाईल, वर माझ्याबद्दल काय वाटेल तिला? वायरी कापा असं मी म्हणत नाही. नुसतं मीटर फिरवा. तुमचीच पद्धत आहे ना ती? आता जिथे काटा आहे, तिथेच तो उभा दिसू दे.

मीटरवाल्यांनी आयुष्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. एकाला आरशाच्या जागी मासा पोहणारी काचेची पेटी हवी होती. त्याला त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं, माशाच्या वतीने. यालाही ते नाही म्हणणारच होते. तेवढ्यात बायको दाराशी आली. घर आणि गॅरेज एकाच भिंतीला लागून, त्यामुळे या घरात काही ऐकू येत नाही असं कधी होत नसे. ती जावयाकडे बघून हसली, नवऱ्याकडे बघून हसली नाही, आणि नवऱ्याला आत बोलावून दबक्या आवाजात म्हणाली, की सगळ्यांना सांगून झालंय, आत्या कपडे घेऊन मोकळी झाली, हॉल ठरलाय. पोरीने इतकी स्थळं परतवली, या एकाशी बोलताना ती हसते. आता ऑइलवरून लग्न मोडलं असं लोकांना सांगायचं का?

हे शेवटचं मीटरवाल्यांना लागलं. ती खरंच हसायची. फोनवर त्याच्याशी बोलताना जिन्यात बसून इतकी हसायची की वरच्या मजल्यावरच्या काकू पायरीवर थांबायच्या. हा माणूस विनोदी होता, यात शंका नव्हती. मोज्यावरूनच दिसत होतं.

ते पुन्हा उलटे झोपले. मागचा चाप सैल केला, मीटर हाताने फिरवलं, शून्य वर आलं, मरगळलेला काटा ताठ उभा राहिला. त्यांनी चाप आवळला. शेजारी तापमानाचा काटा उभा होता, पलीकडे नसलेल्या टर्बोचा काटा उभा होता. तिघे शाळेत प्रार्थनेला उभे असल्यासारखे, त्यातला मधला मेलेला.

मुलगी नवीन कपडे घालून बाहेर आली. जावई तिच्यासाठी दार उघडून उभा राहिला. ती बसली, पट्टा लावला, त्याने गाडी सुरू केली. तिने काटे पाहिले. मग मान एका बाजूला कलती केली, आजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघताना करतात तशी, आणि मधल्या मीटरवरचे आकडे वाचले. काट्याखाली शून्य होतं. तिने हात पुढे करून नखाने स्टिकर काढला. लाल उजेड तिच्या बोटावर पडला.

खिडकीशी वडील उभे होते.

"बाबा, हे तुम्ही बसवलंत?"

"हो."

"गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी असं केलंयत?"

मीटरवाल्यांनी हात फडक्याला पुसले. ते आधीच पुसलेले होते.

"नाही."

"म्हणजे खास माझ्यासाठी."

तिने पट्टा सोडला, स्टिकर जावयाच्या तळहातावर ठेवला आणि उतरून रस्त्याने चालू लागली. नवीन कपड्यांत, पर्स काखेत मारून, लाँड्रीच्या दिशेने. बायको दारातून तिला हाका मारत राहिली. जावयाने हॉर्न वाजवला. मग मीटरवाल्यांना विचारलं, तिला काय झालं? मीटरवाले म्हणाले, कामावर गेली. जावयाने यावर थोडा विचार केला. तो खचणारा माणूस नव्हता. "मग पपा, तुम्ही बसा," तो म्हणाला. "एवढी मीटरं लावलीत, जरा चक्कर मारू. तिला सांगा मग, काही होत नाही म्हणून."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणण्याचा हक्क आपण मघाशी त्या चापाबरोबर आवळून टाकला, असं मीटरवाल्यांना वाटलं. मुलीला ज्या जागी बसवायला निघालो होतो ती जागा समोर रिकामी होती. ते बसले. सीट गरम होती. पाठीमागे काहीतरी कुरकुरलं, त्यांनी पाहिलं नाही.

शहर संपेपर्यंत जावई बोलत राहिला. लग्नाच्या दिवशी गाडीच्या टपावर चौथं मीटर लावता येईल का, म्हणजे मागच्या गाड्यांनाही दिसेल, असं त्याने विचारलं. चढ सुरू झाला तसा इंजिनातून एक आवाज येऊ लागला, बारीक, कोणी आतून दार ठोठावावं तसा.

"गाडी थांबवा," मीटरवाले म्हणाले. "बंद करा इंजिन."

"का? काटा उभा आहे की."

"तो उभा नाही. मी त्याला धरून उभा केलाय."

जावई मनापासून हसला. "तुम्ही पण ना, पपा," म्हणाला आणि गिअर बदलला. ठोठावणाऱ्याने दार फोडलं. एक मोठा धातूचा धक्का बसला, धूर आला, आणि लाल गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन निमूट उभी राहिली. जळक्या ऑइलचा वास आत भरला. त्यात ती साल, तो मोजा, ते सांडलेलं गोड, सगळं शिजून वर आलं. मीटरवाले दार उघडून बाहेर गेले आणि कठड्याशी वाकून ओकले. जावई मागून म्हणाला, की घाटात काही लोकांना असं होतं.

मीटरवाल्यांनी बायकोला फोन लावला. आजूबाजूला ओळखीत ओढणारी गाडी एकच होती. बायकोने पुढे कोणाला फोन केला हे सांगायची गरज नव्हती.

लाँड्रीची व्हॅन आली तेव्हा उन्हं उतरली होती. मागच्या भागात इस्पितळाच्या चादरींच्या गाठोड्यांचा ढीग, न धुतलेल्या. मुलीने व्हॅन लाल गाडीच्या पुढे घेतली आणि उतरली. नवीन कपड्यांवर तिने लाँड्रीचा निळा कोट चढवला होता. तिने दोर काढला, लाल गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला आणि ओढून पाहिला. वडील मदतीला पुढे झाले, पण गाठ मारून झाली होती. गाठ त्यांनीच शिकवली होती तशी होती, त्यामुळे बोलण्यासारखं काही नव्हतं.

जावई तिच्याजवळ गेला. तू रागावलीस का, अगं गंमत होती, इंजिन काय, दुसरं बसवता येतं, असं बरंच बोलला. एक विनोदही केला. विनोद वाईट नव्हता. ती ऐकत होती, पण हसली नाही. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "इंजिन बंद आहे, ब्रेक जड लागेल. जोर लावून दाब, आणि दोर सैल पडू देऊ नकोस."

ते दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच शेवटचं. लग्न मोडायचं पुढचं सगळं मोठ्यांनी मोठ्यांशी केलं, हॉलवाल्याशी आत्याने.

जावई आपल्या गाडीत जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, तोंड पडलेलं. मीटरवाले दोन गाड्यांच्या मध्ये, दोराशेजारी उभे राहिले. लाल गाडीत ते आता बसणार नव्हते. व्हॅनचं पलीकडचं दार त्यांनी उघडलं. तिच्या शेजारच्या सीटवर तिची पर्स होती. मुलगी समोर रस्त्याकडे बघत होती, हात गिअरवर. मीटरवाले थोडा वेळ दार धरून थांबले. ती पर्स उचलेल असं त्यांना वाटलं. तिने उचलली नाही. पण गाडीही सुरू केली नाही.

त्यांनी फडक्याला हात पुसले, पर्स अलगद उचलली, आत चढले आणि ती मांडीवर घेऊन बसले. उतारभर त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती, चिमटीत, डाग पडू नये म्हणून.