मीच काढलं त्याला

चक्रीवादळ गेल्याच्या चौथ्या दिवशी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उभारलेल्या बचाव छावणीत शंभरावर जनावरं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या जखमा थोरलीनेच धुतल्या होत्या. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. धाकटी बँकेत होती. बँकेत पाणी शिरलं, सुट्टी मिळाली, तशी ती "ताई, मीही येते गं मदतीला," म्हणत आली आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली.

एका पडक्या घराच्या माळ्यावर तांबडा कुत्रा अडकला होता. थोरली तासभर शिडीवर उभी राहून त्याला चुचकारत होती. त्याने तिच्या मनगटाचा चावा घेतला. मग धाकटी वर चढली आणि त्याच्याकडे पाठ करून नुसती बसून राहिली. थोड्याच वेळात स्वारी तिच्या मांडीवर!

"ही बँकेत काय करतेय?" दवाखान्याचे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले.

थोरली इंजेक्शन घ्यायला निघाली होती. ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. चौदा वर्षांत डॉक्टर तिला म्हणाले होते ते एवढंच, की कापूस संपलाय का बघ. तो कुत्रा तर धाकटीशिवाय कुणाच्या हातून पाणीही पिईना. ती आली की त्याची शेपटी सुरू, आणि थोरलीच्या पोटात जळायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे शिंपीकाका कुत्र्याचा फोटो घेऊन आले. थोरलीने बघताक्षणी ओळखलं. धाकटी होडीतून मांजरं आणायला गेली होती, अर्ध्या तासात परतणार होती. थांबायला काहीच हरकत नव्हती. तरी थोरलीने झटपट सह्या घेतल्या आणि पिंजरा उघडला.

कुत्र्याला छातीशी धरून काका रडले. "कुणी काढलं हो याला?"

"मीच," थोरली म्हणाली. पट्टी बांधलेलं मनगट तिने जरा पुढेही केलं.

काकांनी तिचे दोन्ही हात धरले. ते काय काय बोलले, तिला धड ऐकूही आलं नाही.

धाकटी आली ती थेट पिंजऱ्याकडे गेली. "गेला? अगं, मला हाक तरी मारायचीस!"

"मालक आला, दिला." आणि मग, का कोण जाणे, थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "मी त्यांना सांगितलं, मीच काढलं म्हणून."

धाकटी बघतच राहिली. "का?"

"तुझं काहीच जात नाही गं. तू सोमवारी बँकेत परत जाशील. माझ्याकडे हे एवढंच आहे, आणि तेही तुलाच जमतं."

धाकटीने ना समजूत काढली, ना ती भांडली. संध्याकाळपर्यंत ती आणलेल्या मांजरांचे पिंजरे लावत राहिली. शेवटी थोरलीनेच सह्यांच्या कागदावरून पत्ता काढला आणि म्हणाली, "चल."

काकांच्या दारातच कुत्र्याने धाकटीवर झेप घेतली, तिचं तोंड चाटचाट चाटलं. काका गोंधळून दोघींकडे बघू लागले.

"काका, मी खोटं बोलले," थोरली म्हणाली. "हिने काढलं त्याला. मला तो चावला."

काकांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. थोरली दारातच उभी होती. खरं बोलून मन हलकं होतं म्हणतात. तिचं काही झालं नाही. जळायचं ते जळतच होतं, पण आता निदान ते लपवायचं काम उरलं नव्हतं.