भागाबाईंनी दिलेली नीळ

सकाळी आठ वाजता भागाबाईंनी मला नीळ दिली. बादली पत्र्याची होती, पाणी हातपंपाचं होतं आणि नीळ जरा सढळ हाताने पडली. पिळून, झटकून त्यांनी मला दोरीवर टाकलं. दोरीखाली दोंडाईच्याच्या मिरच्या वाळत पडल्या होत्या. नजर जाईल तिथवर लालच लाल.

मित्रांनो, मी एक जुना पांढरा कापडाचा तुकडा आहे. लठ्ठ्याचा, हातभर लांब आणि तेवढाच रुंद. धुळ्याच्या सकीनाबी घरी शिवणकाम करतात. कुणाच्या तरी पायजम्यातून मी उरलो, तेव्हा त्यांनी माझ्या कडा दुमडून टीप मारली आणि मला नवऱ्याच्या पिशवीत ठेवलं. त्यांचे पती सत्तार लग्नांचं आणि अहिराणी गाण्यांचं चित्रीकरण करतात.

माझं काम सोपं होतं. उन्हातलं पांढरं वेगळं, ट्यूबखालचं वेगळं, पिवळ्या बल्बखालचं आणखी वेगळं. माणसाचा डोळा ते सांभाळून घेतो. कॅमेरा अंदाजाने ठरवतो, आणि सत्तारचा त्या अंदाजावर विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येक नव्या जागी ते मला कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि बटण दाबायचे. हे पांढरं, असं कॅमेऱ्याला एकदा कळलं की बाकीचे रंग आपापल्या जागी बसायचे.

किती मांडव पाहिले मी. एका हळदीत नवरीच्या मावशीने घाईत मला हात पुसले. तो पिवळा डाग अजून एका कोपऱ्यात आहे. "हे फडकं नसलं ना, तर नवरीला कावीळ झालेली दिसते," असं सत्तार लोकांना सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं. पुढे गाणी मोबाइलवरच निघू लागली. सत्तारला बोलावणी कमी झाली आणि मी पिशवीच्या तळाशी, बॅटऱ्यांच्या खाली पडून राहिलो.

मला पुन्हा बाहेर काढलं ते प्रेमराजने. नरडाण्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चारदोन गाणी केल्यावर त्याने पूर्ण लांबीचा अहिराणी चित्रपट करायला घेतला. गोष्ट एवढीच: आईशी भांडून मुलगा सुरतेला कारखान्यात जातो, परत येत नाही आणि आई एकटी मरते. प्रेमराजला ती गोष्ट बोलण्यातून सांगायची नव्हती, रंगांतून सांगायची होती.

"मुलगा घरात आहे तोवर घर हळदीसारखं दिसलं पाहिजे," तो सत्तारला म्हणाला. "भांडण मिरच्या वाळवायच्या पथारीवर घेऊ. तिथे लाल सोडून दुसरा रंग नको. तो गेला की घरातून एकेक रंग काढत जायचं. शेवटी नुसता निळा. पाहणाऱ्याला अंगावर गार पाणी पडल्यासारखं वाटलं पाहिजे."

सत्तारने तसंच केलं. मुलगा घरात असताना पिवळा बल्ब लावला, चुलीमागे पितळेचा तांब्या ठेवला, आईला बाजरीच्या रंगाचं लुगडं दिलं. मुलगा गेल्यावर बल्ब गेला. तांब्याच्या जागी जर्मनचं भांडं आलं. लुगडं राखेच्या रंगाचं झालं. कुणी काही बोलत नव्हतं, तरी घर रिकामं होत चाललेलं दिसत होतं.

आईचं काम भागाबाई करत होत्या. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या, लग्नात गाणी म्हणणाऱ्या. त्यांचे पती अभिमननाना त्यांना रोज फटफटीवर आणून सोडायचे आणि दिवसभर निंबाखाली बसून राहायचे.

"घरमा माले बोलू देत नही," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आठे दख, कसी मुकाट मरस."

"तुम्हीन बी जरा मुकाट बठा," भागाबाई खाटेवरून म्हणायच्या. "मराले बी येळ लागस."

मरणाचं दृश्य ज्या दिवशी होतं, त्या सकाळी त्यांनी मला कॅमेऱ्याच्या पेटीवर पाहिलं. पथारीवरची धूळ आणि मिरचीची भुकटी माझ्यावर बसली होती. अभिमननानांच्या टोप्या ज्या हाताने धुतल्या जातात, त्याच हाताने त्यांनी मला धुतलं. या भागात नीळ दिल्याशिवाय पांढरं कापड धुतलं असं कुणी म्हणत नाही.

"सत्तारभाऊ, तुनं फडकं धुई टाकं मी. कितलं घाण व्हतं."

"अक्का, ते फडकं नाही. कॅमेऱ्याचा चष्मा आहे तो."

"मंग चष्मा बी धुवा लागस."

सत्तार हसले. मी वाळलो, तेव्हा ऊन दारातून आत येत होतं आणि सगळ्यांना घाई होती. दोरीवरून मला ओढलं, खोलीत नेलं.

आता युक्ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सत्तारला खोली निळी करायची होती. त्यासाठी त्यांनी पिवळा बल्ब लावला आणि मला त्याच्याखाली धरलं. पिवळ्या उजेडातलं कापड म्हणजेच पांढरं, असं कॅमेऱ्याला शिकवायचं. मग बल्ब बंद करून दार उघडायचं. पिवळ्याला पांढरं समजलेल्या कॅमेऱ्याला दारातला साधा उजेडही निळा दिसतो. ही युक्ती त्यांनी पूर्वी पुष्कळदा केली होती.

पण मी त्या दिवशी पांढरा नव्हतो. सढळ निळीने मी फिकट निळा झालो होतो. बल्बचा पिवळेपणा माझ्या निळेपणाने खाऊन टाकला. कॅमेऱ्याला शिकण्यासारखं काही उरलं नाही. दार उघडलं आणि ऊन जसं होतं तसंच आत आलं, पिवळं. बाहेरच्या मिरच्यांवरून परतलेला तांबूस उजेड भागाबाईंच्या गालांवर पडला.

त्या खाटेवर पडल्या. दाराकडे पाहिलं. मुलगा येतोय असं वाटून हात थोडा उचलला आणि तो हात खाटेच्या कडेवरून खाली आला. प्रेमराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. सत्तारचे डोळे भरले होते, आणि रंग पाहायचे ते त्याच डोळ्यांनी.

चूक संध्याकाळी लॅपटॉपवर दिसली.

"हे मरण आहे का?" प्रेमराज म्हणाला. "ही तर दुपारची झोप वाटते. आता उठेल आणि चहा टाकेल."

सत्तारने मला खिडकीत धरलं. उजेडात माझी नीळ दिसली. त्यांनी माझी घडी घालून मला खिशात ठेवलं.

दृश्य पुन्हा घ्यायचं ठरलं. प्रेमराजने भागाबाईंना फोन लावला, तेव्हा त्या हसत होत्या. "मरतांना मी चांगली दिखस ना? मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. मग लगेच येते म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी, घरी भाकरी करताना त्यांच्या छातीत कळ आली. धुळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चित्रपटाच्या रंगांचं शेवटचं काम जळगावला शाझिया करते. ती सत्तारची मुलगी. मूळ रंग किती सरकला ते तिला कळावं म्हणून सत्तारने मला तिच्या टेबलावर आणून ठेवलं. तिने पडद्यावर तेच दृश्य हळूहळू निळं केलं. प्रेमराजला हवं होतं तसं झालं. खोली गार पडली. गालावरचा तांबूस उजेड गेला, ओठ राखेसारखे झाले.

अभिमननानांना प्रेमराजने मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना न दाखवता पुढे जाणं त्याला बरं वाटत नव्हतं. नाना खुर्चीच्या कडेवर बसले. आधी शाझियाने निळं दाखवलं.

"पोरी, अशी तिले मी एकडाव दखेल शे," नाना म्हणाले. "परत दखाडू नको."

मग तिने पिवळं लावलं. नाना पुढे वाकले. "हाई ती शे," ते म्हणाले.

"नाना, चित्रपटात ती मरते," प्रेमराज हलक्या आवाजात म्हणाला. "पिवळं म्हणजे मुलगा घरात आहे, हे आपण लोकांना सुरुवातीपासून दाखवत आलो. शेवटी पिवळं दिसलं तर लोकांना वाटेल, तो परत आला. तो येत नाही, नाना. खोटं होईल."

"तुना पिक्चरमा मरी गयी. मना घरमा मरी गयी," नाना म्हणाले. "कोठे तरी जिती ऱ्हाऊ दे."

प्रेमराज शाझियाकडे पाहू लागला. "रंग मी दोन्ही देईन," शाझिया म्हणाली. "कोणता खरा, ते मला विचारू नका."

नाना उठताना त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं. "नीळ जास्ती टाकस ती," ते सत्तारला म्हणाले. "सांगी सांगी थकनू." आणि घडी घालून मला परत ठेवलं.

मित्रांनो, वस्तू जपा, स्वच्छ ठेवा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. ते बरोबरच आहे. माझी विनंती मात्र उलटी आहे. मी आता कॅमेऱ्याच्या उपयोगाचा नाही. सत्तारने त्या कामासाठी करड्या रंगाचा पुठ्ठा घेतला आहे. तरी मला कुणी धुऊ नका. एका पाण्यात ही नीळ जाईल, आणि तेवढा सढळ हात आता कुणाचा नाही.

पहिला खेळ रविवारी दोंडाईच्यात आहे. आज शुक्रवार. संध्याकाळपर्यंत कोणती प्रत पाठवायची ते प्रेमराजने कळवलेलं नाही. शाझियाच्या पडद्यावर दोन भागाबाई शेजारीशेजारी थांबलेल्या आहेत, एक निळी, एक पिवळी. दोघींचा हात अजून उचललेलाच आहे.