सोन्यासाठी रडलेल्या बायका

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा आमच्या निगडीच्या सोसायटीत वाण म्हणून पुस्तक द्यायचं ठरलं. प्लास्टिकचे डबे फार झाले, असं दिपाली म्हणाली. दिपाली म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधली, सोसायटीतल्या बायकांची पुढारी. तिच्या ओळखीच्या दुकानदाराने सगळ्यांसाठी एकच कादंबरी लावून दिली, आणि ती निघाली हातात कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांची. हळदीकुंकवाला कोयता! मला आधी हसू आलं, आणि मग मी ती घाईघाईने पिशवीच्या तळाशी घातली.

कारण माझा मुलगा येरवड्याच्या तुरुंगात आहे. काळेवाडीतल्या एका मारामारीत पकडलेल्या पोरांत तोही होता. खटला अजून उभा राहिलेला नाही. त्यानंतर आम्ही काळेवाडी सोडली आणि इथे भाड्याने राहायला आलो. 'मुलगा बाहेर असतो,' असं मी सांगते, आणि लोक आपापल्या मनाने दुबई नाहीतर बेंगळुरू धरून चालतात. ह्यांनी तर त्याचं नावच टाकलंय. चाकणहून कंपनीची बस येते, हे उतरतात, जेवतात, बातम्या लावतात. महिन्यातून एकदा तुरुंगात त्याच्या मुलाखतीला मी एकटीच जाते. घरात त्याचा विषय काढायची सोय नाही, आणि बाहेर तर नाहीच नाही.

त्यामुळे ती कादंबरी मी अधाशासारखी वाचली. बरीचशी मला खोटी वाटली. त्यातला सोन्या गल्लीतल्या टोळीत शिरतो, भाई होतो आणि शेवटी मरतो, तोवर त्याची आई सारखी देवापुढे बसून रडते. अहो, रडायला वेळ कुठला? मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटत होते. पण एका ठिकाणी सोन्याचं कंत्राटी काम सुटतं, आणि तरी तो घरी न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसले. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मला वाटलं, चला, आता कुणाशी तरी बोलता येईल. स्वतःच्या नाही तर नाही, सोन्याच्या नावाने का होईना.

रथसप्तमीनंतरच्या रविवारी आम्ही क्लबहाउसमध्ये कादंबरीवर बोलायला जमलो.

"कसला भारी आहे ना सोन्या!" दिव्या म्हणाली. ती हिंजवडीला नोकरी करते. "तो मेला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये रडले. ड्रायव्हर विचारायला लागला, मॅडम, घरी काही झालं का?"

एकजण म्हणाली, मी तर त्या रात्री जेवलेच नाही. दिपालीने तर डोळ्यांना रुमाल लावला. "अशा मुलांना कुणी जवळच घेत नाही हो. समाज म्हणून आपणच कमी पडतो." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! असल्या पोरासाठी या बायका रडल्या होत्या. मी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"ते सगळं खरं," मागून कुणीतरी म्हणालं, "पण आई काय करत होती? पोरगं हाताबाहेर जाईपर्यंत आईला कळू नये?" सगळ्यांनी माना हलवल्या.

मग माझ्याने राहवलं नाही. "कसं कळणार? तो सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी रिकामा आणतो. आई तो घासते. डबा रिकामा आला की पोरगं जेवलं, एवढंच आईला कळतं."

"किती छान उलगडून सांगितलंत, मंजुषाताई!" दिव्या म्हणाली. "सोन्याच्या आईचा असा विचार मी केलाच नव्हता."

ते कौतुक मला झोंबलं. "मी सोन्याच्या आईचं नाही सांगत, माझं सांगतेय," मी म्हणाले. "माझा मुलगा येरवड्याला आहे. तुरुंगात."

माझ्या शेजारच्या बाईने दोघींच्या मधल्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मग दिपाली म्हणाली, "चला, भेळ मऊ पडेल," आणि सगळ्या उठल्या.

मी प्लेट हातात घेऊन शेवटपर्यंत थांबले. कुणीतरी विचारेल, कसा आहे तो, केवढा आहे, नाव काय त्याचं. सोन्याला कुठली भाजी आवडते हेसुद्धा त्यांना पाठ होतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. मला राग आला होता, पण त्याहून जास्त रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपालीने बेल वाजवली. "मंजुषाताई, पुढच्या वेळी आम्ही प्रवासवर्णन घेतोय. तुम्हाला उगाच त्रास नको ना. आणि यायला नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नका हं."

"दिग्विजय," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्या मुलाचं नाव."

"हो का," असं म्हणून ती मान खाली घालून आपल्या घरात गेली. दिवसभर उघडं असणारं तिचं दार लागलं, आणि आतून कडी घातल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.