अवद जमादाराच्या नावाखाली

मूर्तिजापुरात सालेह चाऊसला सगळे अरबचाचा म्हणत आणि चाचाला ते भारी आवडे. अरबस्तानातल्या हद्रमौतपासूनच्या अकरा पिढ्या तो एका दमात म्हणून दाखवी. भाजीवाली गंगूबाई शेवटी हात जोडी, "चाचा, पुरे करा आता, माही मेथी सुकून राहिली!"

म्हणून अकोल्याचे उमर मास्तर चाचाच्या बासुवैद कबिल्याची वंशावळ लिहायला घरी आले, तेव्हा चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून तयारच बसला होता. तो सांगत गेला, मास्तर लिहीत गेले. वंशावळीची गाडी निजामाच्या फौजेतून वऱ्हाडात उतरलेल्या अवद जमादारापर्यंत आली.

"अवदचा पोरगा?" मास्तरांनी विचारलं.

'अबूद' एवढंच म्हणायचं होतं. अबूद म्हणजे चाचाचा आजा. पण मरताना बापानं चाचाच्या कानात सांगितलं होतं की अबूद जमादाराचा नव्हे, प्लेगात गेलेल्या पुंजाराम कास्तकाराचा. जमादारानं ते पोरकं लेकरू उचलून आणलं आणि पोटच्यासारखं वाढवलं. पाळलेल्या पोराला नाव मात्र जन्मदात्याचंच लावायचं, हा त्यांच्यातला कायदा. तीस वर्षं चाचानं ही गोष्ट पोटात ठेवली होती. पण चारचौघांत फुशारक्या मारणं वेगळं आणि कबिल्याच्या वहीत खोटं उतरवणं वेगळं.

"मास्तर, आमी बासुवैद नाई," तो म्हणाला आणि सगळं सांगून बसला. सांगताना त्याची मान वर होईना.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "राग मानू नका चाचा, मले कायद्यानंच लिहा लागते. जमादाराले दुसरं लेकरू?"

"नाई."

मास्तरांनी अवदच्या नावाखाली रेघ ओढली आणि लिहिलं, 'निपुत्रिक'.

आता मात्र चाचाला भडभडून आलं. स्वतःचं नाव गेल्याचं दुःख त्यानं गिळलं असतं. पण ज्या माणसानं आपल्या आज्याला घास भरवला, त्याचाच वंश आपण एका शब्दात बुडवला, हे त्याला सोसवेना.

"मले नका धरू कबिल्यात," तो मास्तरांचा हात धरून म्हणाला, "पण त्याले निपुत्रिक नका लिहू."

"मंग काय लिहू? तुमीच सांगा."

चाचानं डोळे पुसले. "लिहा, मूर्तिजापुरात त्याच्या कबरीवर दर जुम्म्याले फातेहा पढणारे आमच्या घरचे अठरा जण हायेत."