दोन मिनिटं की आठ दिवस

'नंतर आठवण करा' हे बटण आपण सगळेच दाबतो. रुग्णालयाच्या तळमजल्यावर नेटवर्क सांभाळणाऱ्या तिनेही ते तीन आठवड्यांत चार वेळा दाबलं होतं. सगळे तिला 'नेटताई' म्हणत. घरी दीड वर्षाची लेक, इथे सहा मजल्यांचं नेटवर्क. दोन्हींसाठी हिचा एक कान कायम टवकारलेला.

त्या सकाळी मात्र तिने सॉफ्टवेअर कंपनीची सूचना शेवटपर्यंत वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. प्रत्येक मजल्याच्या नेटवर्क-यंत्राचा पासवर्ड त्या सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्ट करून, म्हणजे जणू कुलपात, ठेवलेला असे. पण विकलेल्या प्रत्येक प्रतीत कुलपाची किल्ली एकच होती, आणि आता ती जगजाहीर झाली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांत बसली. पडद्यावर हिरवी खूण आली. पण तिला एक गोष्ट आठवली. चार महिन्यांपूर्वी एक बिघाड सुटत नव्हता, म्हणून तिने पासवर्डची ती फाईलच मदतीसाठी एका खुल्या संकेतस्थळावर टाकली होती. कुलूपबंदच तर आहे, कोण उघडतंय! त्याच दिवशी दुपारी काढून टाकली खरी, पण तोवर कुणी उतरवून घेतली असेल तर? नवं कुलूप त्या जुन्या फाईलला थोडंच लागणार होतं?

साहेबांना तिने फाईलचं सांगितलं नाही. सगळे पासवर्ड बदलायला हवेत, त्यासाठी एकेक मजला दोन मिनिटं बंद ठेवावा लागेल, एवढंच म्हणाली. साहेब येणाऱ्या तपासणी पथकाच्या चिंतेत बुडालेले. हिरवी खूण आलीय ना, मग बाकीचं आठ दिवसांनी बघू, असं म्हणत त्यांनी 'दुरुस्ती पूर्ण' असा अहवाल सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

सही न करता ती तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे नवजात बाळांचा वॉर्ड. काचेपलीकडे बाळांना ऊब देणाऱ्या अकरा पेट्या. बाळाचा श्वास अडखळला की नेटवर्कवरूनच परिचारिकांच्या टेबलावर घंटा वाजायची. जुना पासवर्ड हाती लागलेला कुणीही ती बंद पाडू शकला असता. तिने मोठ्या सिस्टरना सगळं सांगून टाकलं, फाईलसकट.

सिस्टरनी खणातून एक वही काढली. वॉर्डातली चूक ज्याची त्याने तिच्यात लिहायची. पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर: 'दुसऱ्याच बाळाचं औषध घेऊन निघाले. दारातून परतले.'

"हे वाचून मी कुणाला रागवत नाही. लपवलं तर मात्र सोडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "अगं, 'हात धुतले' असं लिहिल्याने हात स्वच्छ होतात का?"

"पण तुमची घंटा दोन मिनिटं बंद राहील."

"राहू दे. दोन मिनिटं आम्ही डोळ्यांनी बघू. आठ दिवस नाही बघता यायचं."

ती खाली आली आणि बिनसहीचा अहवाल साहेबांपुढे ठेवला. "यावर मी सही करणार नाही. पासवर्डची फाईल मीच बाहेर टाकली होती."

साहेबांचा चेहरा उतरला. नोकरीवर गदा येईल, ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, आणि सिस्टरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. साहेब खुर्चीतून उठले ते थेट जिन्याकडेच.

तिसऱ्या मजल्यावर पेट्या अकरा, परिचारिका दहा. "साहेब, कोपऱ्यातलं बाळ तुमचं. मोबाईल खिशात ठेवा," सिस्टरनी फर्मावलं.

नेटताईने बटण दाबलं. टेबलावरचा पडदा काळा झाला. एक मिनिट गेलं. दीड. आणि साहेबांचा आवाज फुटला, "सिस्टर! याची छाती हलत नाहीये!"

सिस्टर दोन ढांगांत पोचल्या. त्यांनी तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली. बाळाने आळस दिल्यासारखं अंग ताणलं आणि टाहो फोडला. तेवढ्यात पडदा उजळला. साहेब तरीही पेटीपासून हलले नाहीत.

संध्याकाळपर्यंत सहाही मजल्यांचे पासवर्ड बदलले. ती फाईल कुणी घेतली होती का, ते कधीच कळलं नाही. कळायची वाट पाहावी लागली नाही, हेच खरं. तिची चूक वरिष्ठांपर्यंत गेली, ताकीदही मिळाली. दुसऱ्या दिवशी तिने तळमजल्यावरही एक वही ठेवली आणि पहिली ओळ स्वतःची लिहिली. दुपारी पाहते तो तिच्याखाली साहेबांचं अक्षर: 'आठ दिवस थांबा म्हणालो.'

मंडळी, चूक कुणाच्याही हातून होते. पण हिरव्या खुणेआड झाकलेली चूक आपल्याला नडत नाही. ती कुठल्या तरी पेटीत निजलेल्या, काही न कळणाऱ्या जिवाला नडते. ती ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी बोला.