मामांचं गेज

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, पण हक्काने म्हणणारा एकच होता. ग्राइंडिंगवरचा त्यांचा जावई.

मामा तपासणीला. कारखान्यात कॅम बनायचे, मशीनला लागणारे अंड्याच्या आकाराचे फिरते तुकडे. पोलादी पट्टीत कॅमचा आकार कापलेला, ते त्यांचं गेज. कॅम त्यात बसवायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की माल भंगारात. या गेजला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं मामांना खपत नसे.

बाकीचे ऑपरेटर बेरकी. मामांच्या गेजात घट्ट बसेल असा, अंगाने जरा भरलेलाच कॅम ठेवायचे. जावई बिचारा ड्रॉइंग बघून घासायचा आणि त्याच्या प्रत्येक कॅमला उजेड दिसायचा. मामा सगळ्यांदेखत त्याची पेटी लाथेने सरकवायचे. आपण नातं घरी ठेवून येतो, याची त्यांना कोण घमेंड!

जावयाने एकदाच तोंड उघडलं. "मामा, कपाटात मूळ गेज पडलंय. एकदा त्यात बसवून बघा."

"मुलगी दिली, आता अक्कल पण तुझ्याकडून घेऊ का?" मामा म्हणाले. लोक पोट धरून हसले. त्याच आठवड्यात मामांच्या शब्दावर जावयाला घरी बसवलं.

मग गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. कॅम जाड, मशीनमध्ये अडकतात. मॅनेजरने कपाटातलं मूळ गेज काढलं. परत आलेला एकही कॅम त्यात शिरेना. मामांनी भंगारातून जावयाचा एक उचलला. अलगद बसला. उजेडाचा केससुद्धा दिसला नाही. घासून घासून झिजून सैल झालं होतं ते मामांचं गेज.

मॅनेजर थंडपणे म्हणाला, भंगारातले धुऊन पाठवा. आणि परत आलेला लॉट गेलेल्या माणसाच्या नावावर टाका, नाहीतर तुमच्या नावावर टाकावा लागेल.

मामांनी जावयाच्या नावावर शिक्का मारला.

जावयाचं दुसऱ्या कारखान्यात जमत आलं होतं. तिथल्या लोकांनी जुन्या ठिकाणी चौकशीचा फोन केला आणि त्याला नाही म्हणून कळवलं. रात्री मामा मुलीकडे जेवायला बसले तेव्हा जावयाने विचारलं, "मामा, ते मूळ गेज बघितलंत का हो कधी?"

"बघितलं," मामा ताटातून डोकं वर न काढता म्हणाले. "माझं बरोबर आहे."

आपला बाप खोटं बोलत नाही, हे मुलीला लहानपणापासून ठाऊक. ती नवऱ्यावर उखडली. "तेव्हाच ऐकलं असतंस त्यांचं तर?"

जावई आपले तळहात बघत राहिला. मामांनी भात मागून घेतला.